समोरची खुर्ची

७ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. फोनवर मी बोलत नाही याचा राग मानू नका. फोन कानाला लावला की मला काही सुचत नाही. समोरचं माणूस दिसत नसल्यामुळे ते थांबलंय की रडतंय हेही कळत नाही. कागदावर बरं पडतं.

तब्येत ठीक आहे. स्वयंपाक जमतो. शेजारच्या बाई अधूनमधून भाजीचा डबा देतात आणि परत नेताना तो नीट घासलाय का ते उघडून बघतात.

एक गोष्ट झाली. मागच्या आठवड्यात कलाभवनाचा वर्षाचा पास पोस्टाने आला. हिने आधीच नोंदवून ठेवला होता. दोन माणसांचा आहे. नाटक, गाणं, नाच, चित्रांची प्रदर्शनं, सगळं त्यात येतं. तुम्हाला माहीतच आहे, ही दर आठवड्याला जायची आणि मी दुकानात असायचो. डोळे तपासायला लोक संध्याकाळीच येतात. आता दुकान बंद केलंय, तेव्हा ती सबब उरली नाही. पास कुणाला तरी देऊन टाकावा असं मनात आलं, पण त्यावर आमचीच नावं छापली आहेत.

म्हणून शनिवारी गेलो. नाटक होतं, पण कुणी बोलत नव्हतं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं बराच वेळ जमिनीवर लोळत होती. मग एकजण शिडी घेऊन आला आणि ती धरून उभा राहिला. शिडी कशाला आणली ते कळेल म्हणून मी शेवटपर्यंत थांबलो. कळलं नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मीही उभा राहिलो, कारण मला वाटलं आता निघायचं. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर मी कोट ठेवला होता. थोड्या वेळाने उचलून मांडीवर घेतला.

त्या संध्याकाळबद्दल तुम्ही विचारलंत. पुढच्या पत्रात लिहितो.


१६ फेब्रुवारी

भाऊजी,

शिडीचं वाचून सूनबाई इतकी हसली की हातातला चहा सांडला. ती म्हणते, त्या शिडीला काहीतरी अर्थ असणार. मी म्हटलं, असेल, पण आमच्या भाऊजींना तो सांगायला तुला तिथे जावं लागेल. ते कुणाला काही विचारायचे नाहीत. धाकटी म्हणायची, "यांच्याबरोबर संसार करायचा म्हणजे बिनआवाजाचा टीव्ही बघायचा. चित्र चांगलं असतं, बाकी आपणच ठरवायचं."

तुम्ही बाहेर पडताय हे चांगलं आहे. पण भाऊजी, मी एक विचारलं आणि तुम्ही दुसरंच लिहिलंत.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मी पलंगावर आडवी. तुमचा फोन आला आणि तुम्ही म्हणालात, "ती गेली." दोन शब्द. दोन शब्दांत माझी बहीण संपवलीत. नंतर मी हॅलो हॅलो करत राहिले. मला तिचं शेवटचं दर्शनसुद्धा झालं नाही. तिला चालायला मी शिकवलं होतं, तिची पहिली वेणी मी घातली होती. मला फार काही नको. ती काय करत होती, त्रास झाला का, काही म्हणाली का. माझं नाव घेतलं का.

एवढं लिहा. नाचाचं नंतर.

— ताई


४ मार्च

ताई, नमस्कार.

उशीर झाला. दोनदा लिहायला बसलो आणि उठलो.

मध्ये मी गाणं ऐकून आलो. सुरुवातीचा तुकडा मला आवडला म्हणून टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं की ते अजून वाद्यं जुळवत होते. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून बघितलं. त्यांच्या चष्म्याच्या काचेवर बारीक ओरखडे होते, कपडा ओला न करता पुसत असणार. त्यानंतर मी टाळ्या वाजवल्याच नाहीत. संपल्यावरही नाही.

चित्रांचंही प्रदर्शन बघितलं. एक मोठं चित्र पूर्ण पांढरं होतं. आधी मला वाटलं माझ्याच डोळ्यांना काही झालं. एक डोळा झाकून बघितला, मग दुसरा. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या बाईंनीही एक डोळा झाकला. मग तिच्या मैत्रिणीनेही.

वरच्या मजल्यावर मात्र एक खोली बरी आहे. मोठी, स्वच्छ, भिंतींवर काही नाही. मधोमध समोरासमोर दोन खुर्च्या आणि वरून एकच दिवा. ताई, तिथे मला दुकानात आल्यासारखं वाटलं. माझी तपासायची खोली अशीच होती, अंतरसुद्धा तेवढंच. दाराजवळ एक पाटी होती, पण वाचायचा चष्मा मी घरी विसरलो होतो. दुपार होती, कुणी नव्हतं. पाय दुखत होते म्हणून बसलो. कुठल्या खुर्चीत बसायचं याचा विचारही केला नाही. दाराकडे तोंड करून, जिथे आयुष्यभर बसलो तिथेच बसलो.

थोड्या वेळाने एक बाई आल्या आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. मी सवयीने त्यांचे डोळे बघितले. डाव्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे. पण त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. मग त्यांचे डोळे भरून आले. त्या उठल्या, मान लववली आणि गेल्या. त्यांच्यामागून दुसरे आले. ते गेल्यावर तिसरे. बाहेर रांग लागली होती.

मी घरी येऊन विचार केला. कोण असतील ही माणसं?

त्या संध्याकाळचं लिहायचं राहिलं. लिहीन.


१२ मार्च

भाऊजी,

पत्र सूनबाईने वाचून दाखवलं. तिने मध्येच वाचायचं थांबवलं आणि मोबाइलवर काहीतरी बघत बसली. मग मला म्हणाली, "आई, काकांना पाटी वाचायला सांगा."

तर पाटी वाचा. वाचायचा चष्मा घेऊन जा. एवढी वर्षं गावाला चष्मे वाटलेत आणि स्वतःचा घरी विसरता, कमाल आहे.

खरं म्हणजे त्या खोलीत आता जाऊच नका. खाली गाणं ऐका, चित्रं बघा, पण वर नको. का ते विचारू नका. मी सांगतेय म्हणून.

आणि माझं उत्तर? का मी ते त्या पांढऱ्या चित्रात शोधायचं?

— ताई


२० मार्च

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. बायको जाऊन वर्षही झालं नाही आणि हा माणूस करमणुकीला जातो, असं लोक म्हणत असतील. तुम्हीही म्हणावं असं वाटलं नव्हतं. पण ती खोली करमणुकीची नाही.

मी गेलो होतो. चारपाच वेळा गेलो. दुपारीच जातो. आणि ती माणसं कोण आहेत ते आता माझ्या लक्षात आलं आहे. ती हिच्या ओळखीची आहेत. इतकी वर्षं ही त्या इमारतीत जात होती. रांगेत, मधल्या सुट्टीत, जिन्यावर ओळखी झाल्या असणार. ही कुणाशीही बोलायची, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ती गेल्याचं त्यांना कळलं असेल, पण आमचं घर माहीत नसेल. म्हणून मी तिथे असतो तेव्हा येऊन भेटतात. घरी आलेली माणसं फार बोलली, ताई. कसं झालं, कुठला डॉक्टर, आधी काही लक्षण नव्हतं का. इथे कुणी काही विचारत नाही. येतात, समोर बसतात, बघतात, जातात.

काल एक उंच गृहस्थ आले. त्यांच्या चष्म्याची काडी इतकी सैल होती की मान हलवली की चष्मा नाकावर. मी हात पुढे केला. त्यांनी न बोलता चष्मा काढून दिला. बारका स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात असतोच. स्क्रू आवळून परत दिला. बाहेर उभे असलेले लोक एकदम कुजबुजले. गृहस्थ रडले. का ते मला नीट कळलं नाही, पण हिने त्यांच्यासाठी कधी काही केलं असेल.

तिथे करड्या स्वेटरमधल्या एक बाई असतात, देखरेख करणाऱ्या. मला बघून त्या आधी दचकल्या होत्या. आता मी आलो की मान हलवतात आणि जेवायला जातात. त्यांनीही हिला बघितलं असेल. एकदा विचारीन.

ही इतक्या लोकांना हवी होती, हे मला माहीत नव्हतं. बरं वाटलं, आणि थोडं चुकल्यासारखंही वाटलं.


२९ मार्च

भाऊजी,

हे पत्र मी स्वतः लिहितेय. सूनबाईला सांगितलं, तू आत जा.

तुम्ही करमणूक करता असं मी म्हटलं नाही, माझ्या मनातही नव्हतं. तुम्ही रोज सर्कशीला गेलात तरी माझी ना नाही. वर जाऊ नका म्हटलं ते वेगळ्या कारणाने. तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं होतं, पाटी वाचाल आणि तुमचं तुम्हाला कळेल.

ती खोली हे एक प्रदर्शन आहे. करड्या स्वेटरच्या बाई देखरेख करणाऱ्या नाहीत, त्या कलाकार आहेत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या एका खुर्चीत गप्प बसतात आणि लोक पाळीपाळीने समोर येऊन बसतात. तीच त्यांची कला. मला विचाराल तर यात कला काय ते मला समजलेलं नाही, पण सूनबाई म्हणते असतं तसं. त्या दुपारी जेवायला उठतात आणि तुम्ही नेमके त्यांच्या खुर्चीत बसता. लोकांना वाटतं, तुम्हीही त्यातलेच. सूनबाईने मोबाइलवर दाखवलं, कुणीतरी लिहिलंय की दुपारी बसणारे म्हातारे गृहस्थ जास्त चांगले आहेत.

ती माणसं धाकटीच्या ओळखीची नाहीत, भाऊजी. त्यांना ती माहीत नाही. तुम्हीही माहीत नाही.

हे लिहावंसं वाटत नव्हतं. पण उद्या दुसऱ्या कुणी तोंडावर हसत सांगितलं असतं तर ते मला सहन झालं नसतं.

रागावलात तरी चालेल, पण लिहा.

— ताई


२४ एप्रिल

भाऊजी,

दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. फोन उचलत नाही, आणि उचलला तरी काय म्हणा. शेवटी तुमच्या शेजारच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "घरातच असतात. डबा घेतात. घासून देतात." डबा घासताय एवढ्यावर मी धीर धरलाय.

मी सांगायला नको होतं का? तुम्हाला ती माणसं मिळाली होती आणि मी ती काढून घेतली. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. सूनबाई म्हणते, खरं ते खरं. तिला काय जातंय म्हणायला.

त्या संध्याकाळचंही आता विचारत नाही. नका सांगू. फक्त एक ओळ लिहा. शिडीचीसुद्धा चालेल.

— ताई


२ मे

ताई, नमस्कार.

तुमच्यावर रागावलो नव्हतो. लाज वाटत होती. एवढ्या लोकांपुढे मी दुसऱ्याच्या खुर्चीत बसून त्यांचे डोळे तपासत होतो. बाहेरच पडावंसं वाटेना.

परवा प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. त्या बाईंची माफी मागितली पाहिजे असं वाटलं, म्हणून गेलो. वाचायचा चष्मा नेला होता. पाटीवर एवढंच लिहिलं होतं, "बसा. हवा तितका वेळ." कुठली खुर्ची कुणाची, ते लिहिलेलं नव्हतं.

मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आल्यावर त्या आपल्या खुर्चीतून उठल्या, समोरच्या खुर्चीत गेल्या आणि मला माझ्या नेहमीच्या जागी बसायची खूण केली. मी माफ करा म्हणालो. त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही यायला लागल्यापासून मला जेवायला वेळ मिळतो." मग गप्प झाल्या. त्यांच्या डोळ्यांत काही दोष नाही, फक्त दिव्याखाली बसून लाल झालेत. असे डोळे समोर असले की मला पुढचं काही विचारायचं असतं. वरची ओळ दिसते का, खालची दिसते का. तिथे विचारण्यासारखं काही नव्हतं. म्हणून मीच बोलायला लागलो. मागे रांग होती, ती ऐकत असणार. मी थांबलो नाही. त्यांना सांगितलं तेच तुम्हाला लिहितो.

त्या दिवशी मी हिच्याबरोबर पहिल्यांदाच कलाभवनात जाणार होतो. गाण्याचा कार्यक्रम होता. दुकान बंद झाल्यावर ही म्हणाली होती, आता सुटका नाही. ही तयार होऊन दाराजवळच्या खुर्चीत सँडल घालायला बसली. मी कोट घालत होतो आणि सवयीने स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. तिने बघितलं. म्हणाली, "तो घरी ठेवा. तिथे लोकांचे चष्मे नाही बघायचे, समोर बघायचं. व्हा पुढे, मी आलेच."

मी हो म्हणालो आणि ठेवला नाही. जिना उतरून फाटकापाशी उभा राहिलो. मला वाटलं गॅस बघायला परत आत गेली असेल, नेहमी जायची. मग वाटलं सँडलचा बंद अडला असेल. वेळ होत होता. तिथे वेळेवर गेलं नाही तर आत घेतात की नाही, हेही मला माहीत नव्हतं. शेवटी वर गेलो.

ती त्याच खुर्चीत होती. एका पायात सँडल, दुसरी हातात. मान थोडी कलली होती. चष्मा घसरून नाकाच्या टोकावर आला होता. त्याची उजवी काडी सैल झाली होती आणि आवळून द्या असं ती बरेच दिवस म्हणत होती. मी समोर स्टूल ओढून बसलो. आमच्या धंद्यात माणूस समोर बसलं की आधी डोळे बघतात. मला कळलं. त्रास झाल्याची खूण चेहऱ्यावर कुठे नव्हती. डॉक्टरही नंतर तेच म्हणाले, क्षणात झालं, जवळ कुणी असतं तरी काही करता आलं नसतं.

मी लगेच कुणाला हाक मारली नाही. तिचा चष्मा काढला, स्क्रू आवळला, काचा पुसल्या आणि परत घातला. नीट बसला. मग थोडा वेळ समोर तसाच बसून राहिलो. घरात शांत होतं. नंतर शेजारी गेलो, नंतर तुम्हाला फोन केला.

ताई, तिने तुमचं नाव घेतलं नाही. माझंही घेतलं नाही. शेवटचं बोलणं स्क्रूड्रायव्हरचं होतं. तुम्ही इतकं मनापासून विचारत होतात आणि माझ्याकडे द्यायला एवढंच होतं. खोटं लिहिता येईना आणि खरं पाठवण्यासारखं वाटेना.

माझं बोलून झाल्यावर त्या बाई उठल्या नाहीत. रांगेतलंही कुणी हललं नाही. मीच उठलो.

हिला ते ओळखत नव्हते. आता थोडं ओळखतात.


११ मे

भाऊजी,

पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा मला हसू आलं, आणि सूनबाईला वाटलं मला काही झालं.

माझं नाव घेतलं नाही म्हणून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण भाऊजी, "व्हा पुढे, मी आलेच" हे माझंच आहे. लहानपणी तिला शाळेत सोडायला निघाले की ती दारात अडून राहायची, आणि मी चपला शोधत ओरडायचे, हो पुढे, मी आलेच. ती कधी पुढे गेली नाही. उभी राहायची. मोठेपणी मलाच ऐकवायची. तुम्ही फाटकापाशी उभे राहिलात, आता मी तुम्हाला आणखी काय विचारू?

आणि "एवढंच" कसलं? नवऱ्याला दटावत गेली. तिला दुसरं कसं जायला आवडलं असतं?

आता ऐका. डॉक्टरांनी मला प्रवासाची परवानगी दिली आहे. मुलगा पुढच्या महिन्यात तिकडे आणून सोडतो म्हणाला. पास दोन माणसांचा आहे ना? त्यावर माझं नाव नाही, पण दारावरचा माणूस म्हातारीला अडवायचा नाही, आणि अडवलं तर मी बघून घेईन. शिडीचं नाटक असेल तर तेही बघू. दोघांना नाही कळलं तर निदान एकमेकांकडे बघता येईल.

तुमच्याकडे आल्यावर एकदम बोलायला लागू नका, मला सवय नाही. दाराजवळची ती खुर्ची हलवली नसेल तर तशीच ठेवा. मी तिच्यात बसेन, तुम्ही समोर स्टूल घ्या.

तुम्ही करून दिलेल्या माझ्या चष्म्याची काडी सैल झाली आहे. इथे कुणाकडे दिला नाही. धाकटीने काहीही सांगितलं असो, स्क्रूड्रायव्हर खिशातच असू द्या.

— ताई